विश्लेषण : लॅपटॉपचे बटण मधूनच का अडते? दीडशे वर्षांपूर्वी शोल्स यांनी सोडवलेले कोडे

कीबोर्डचे एखादे बटण पूर्ण बंद पडले तर ते लगेच लक्षात येते. खरा त्रास देते ते दहा वेळा चालणारे आणि अकराव्या वेळी दगा देणारे बटण. गोंदिया जिल्ह्यात धानाचा हंगाम सुरू झाला की खरेदी केंद्रांवर ऑनलाइन नोंदणी होते, सातबाऱ्यावरचे गट क्रमांक आणि बँकेचे खाते क्रमांक टाइप केले जातात. त्यात शून्याचे बटण एकदाच उमटले नाही तरी शेतकऱ्याचे पैसे अडकू शकतात. टंकलेखनाच्या परीक्षेत तर गेलेले प्रत्येक अक्षर ही चूकच. मधूनच अडणारी कळ हे दुखणे लॅपटॉपच्या आधीचे आहे. टंकयंत्राचे जनक मानले जाणारे क्रिस्टोफर लेथम शोल्स यांची आयुष्यातली कितीतरी वर्षे याच दुखण्याशी झगडण्यात गेली. आज मोबाइलवर अंगठ्याखाली येणारी इंग्रजी अक्षरांची रचनाही त्याच झगड्यातून आली.

क्रिस्टोफर शोल्स कोण होते?

शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मूर्सबर्ग या खेड्यात झाला. लहान वयातच ते छापखान्यात उमेदवारी करू लागले. शिशाचे खिळे जुळवणे, शाई लावणे, छापलेला कागद तपासणे हे त्यांचे पहिले शिक्षण. १८३७ मध्ये ते भावांबरोबर विस्कॉन्सिनच्या नव्याने वसणाऱ्या मुलखात गेले. तिथे त्यांनी वृत्तपत्रे काढली, संपादक झाले आणि राजकारणातही उतरले. राज्याच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत त्यांनी काम केले.

१८५१ मध्ये केनोशा या त्यांच्याच गावी एका गुन्हेगाराला हजारो लोकांसमोर फाशी देण्यात आली. त्या प्रकाराने शोल्स हादरले. विधिमंडळात त्यांनी फाशीविरोधी बाजू लावून धरली आणि १८५३ मध्ये विस्कॉन्सिनने मृत्युदंड रद्द केला. पुढे ते पोस्टमास्तर झाले. अब्राहम लिंकन यांच्या कारकिर्दीत मिलवॉकी बंदराचे जकात अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. दहा मुलांचा संसार, सरकारी नोकरी आणि उरलेल्या वेळात यंत्रांचा नाद, असे त्यांचे आयुष्य होते.

टंकयंत्राची कल्पना कुठून आली?

सुरुवात झाली ती पानांवर आकडे छापण्यापासून. मिलवॉकीत क्लाइनश्टॉयबर यांचा एक यंत्र-कारखाना होता. गावातले हौशी संशोधक तिथे जमत. शोल्स आणि त्यांचे छापखान्यातले मित्र सॅम्युअल सूल यांनी वह्यांच्या पानांवर ओळीने क्रमांक उमटवणारे यंत्र तिथे तयार केले. त्याच कारखान्यात कार्लोस ग्लिडन हे वकील यांत्रिक नांगरावर काम करत होते. आकडे उमटवता येतात, तर अक्षरे का उमटवू नयेत, असे त्यांनी सुचवले. १८६७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकात लिहिण्याच्या एका यंत्राबद्दल लेख आला. तो वाचून शोल्स यांनी या कामाला हात घातला.

पहिला प्रयोग एकाच अक्षराचा होता. तारयंत्राची एक कळ घेऊन शोल्स यांनी ती दाबल्यावर एक छोटी दांडी उसळेल अशी जोडणी केली. दांडीच्या टोकाला इंग्रजी 'डब्ल्यू' कोरलेला होता. कार्बन पेपर आणि कागद ठेवून कळ दाबली की कागदावर ते अक्षर उमटे. शोल्स, ग्लिडन आणि सूल या तिघांना २३ जून १८६८ रोजी लिहिण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्या यंत्राच्या कळा पियानोसारख्या दोन रांगांत होत्या.

कळा नेमक्या कशाने अडकत होत्या?

एका अक्षराचे यंत्र नीट चालले, पण सगळी अक्षरे एकत्र आल्यावर अडचण सुरू झाली. प्रत्येक कळ एका दांडीला जोडलेली होती आणि दांडीच्या टोकाला अक्षर होते. या सगळ्या दांड्या टोपलीसारख्या गोलात टांगलेल्या असत. कळ दाबली की दांडी वर उसळून मधल्या एकाच बिंदूवर आदळे आणि स्वतःच्या वजनाने पुन्हा खाली येई. लिहिणाऱ्याचा हात भरभर चालू लागला की पहिली दांडी परत येण्याआधीच दुसरी वर निघे. दोघी शेजारच्या असल्या तर एकमेकींत अडकत.

हळू लिहिले तर यंत्र उत्तम चाले, वेग वाढला की मधूनच अडे. प्रत्येक वेळी अडे असेही नाही. त्यातच अक्षरे कागदाच्या खालच्या बाजूने उमटत, त्यामुळे लिहिणाऱ्याला आपण काय लिहिले ते त्याच क्षणी दिसत नसे. वरचा भाग उचलून पाहिल्यावर, काही ओळींनंतर, घोटाळा कळे. न दिसणारा आणि कधी होईल याचा नेम नसलेला बिघाड कसा पकडायचा, हा शोल्स यांच्यासमोरचा प्रश्न होता.

बिघाड शोधण्यासाठी त्यांनी काय केले?

इथे दोन माणसे महत्त्वाची ठरली. पहिले जेम्स डेन्समोर. शोल्स यांनी आपल्याच यंत्रावर लिहिलेली पत्रे संभाव्य भांडवलदारांना पाठवली होती. त्यांतले एक डेन्समोर यांना मिळाले. यंत्र न पाहताच त्यांनी तोवरचा सुमारे ६०० डॉलरचा खर्च भरून पाव हिस्सा विकत घेतला. १८६८ मध्ये प्रत्यक्ष यंत्र पाहिल्यावर मात्र ते विक्रीच्या लायकीचे नाही, असे त्यांचे मत झाले. यंत्र रोज वापरणाऱ्यांच्या हाती द्यावे आणि त्यांना ते मोडू द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला.

दुसरे जेम्स क्लेफन, वॉशिंग्टनमधले लघुलेखक. न्यायालयातली टिपणे भराभर उतरवून काढणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी यंत्रे इतकी दामटली की एकामागून एक मोडत गेली, आणि प्रत्येक वेळी काय, कुठे, कशाने बिघडले याची कडक शब्दांतली यादी मिलवॉकीला पोहोचत राहिली. शोल्स या टीकेने वैतागले. हे सोडून द्यावे, असेही त्यांच्या मनात आले. डेन्समोर यांनी त्यांना समजावले की हेच दोष गिऱ्हाइकाच्या घरी दिसण्यापेक्षा आत्ता दिसलेले बरे. चार्ल्स वेलर या तारमास्तर मित्रानेही सेंट लुइसमध्ये यंत्र वापरून पाहिले. पाच-सहा वर्षांत पंचवीसहून अधिक नमुने तयार झाले. प्रत्येक नमुन्यात आधीच्या यादीतले काही दोष गेलेले असत आणि काही नवे आलेले असत.

'क्वर्टी' रचना वेग कमी करण्यासाठी होती का?

पहिल्या कळा साधारण वर्णानुक्रमाने होत्या. आजच्या कीबोर्डच्या मधल्या ओळीत 'डी, एफ, जी, एच, जे, के, एल' ही अक्षरे जवळपास क्रमाने येतात, ती त्या जुन्या रचनेची खूण. पुढे शोल्स अक्षरांच्या जागा बदलत गेले. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या ओळीत 'क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय' हा क्रम आला. त्यावरूनच या रचनेला 'क्वर्टी' म्हणतात.

टंकलेखकांचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी ही रचना केली, असे सर्रास सांगितले जाते. त्याला पुरावा नाही. विकायला काढलेले यंत्र हळू चालावे, असे कोणालाच नको होते. लागोपाठ येणाऱ्या अक्षरांच्या दांड्या एकमेकींपासून दूर गेल्या की त्या कमी अडकतात आणि वेग उलट वाढतो, हे त्यामागचे प्रचलित स्पष्टीकरण. त्यावरही शंका घेतली गेली आहे, कारण इंग्रजीत वारंवार जोडीने येणारी 'ई' आणि 'आर' ही अक्षरे कीबोर्डवर शेजारीच आहेत. क्योतो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये वेगळा मुद्दा मांडला. सुरुवातीचे टंकयंत्र वापरणारे बरेच जण तारमास्तर होते, त्यांना तारेचे संदेश ऐकता ऐकता लिहावे लागे आणि त्यांच्या सोयीने अक्षरांच्या जागा बदलल्या, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. ही रचना एका बैठकीत ठरली नाही. वापरणाऱ्यांच्या तक्रारींनुसार ती सरकत सरकत तयार झाली.

यंत्र बाजारात आले तेव्हा शोल्स यांना काय मिळाले?

मार्च १८७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावच्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. ही कंपनी बंदुका आणि शिलाई यंत्रे बनवत असे. अचूक सुटे भाग मोठ्या संख्येने घडवणारे कारागीर तिच्याकडे होते. १८७४ मध्ये 'शोल्स अँड ग्लिडन' टंकयंत्र १२५ डॉलरला विक्रीस आले. शिलाई यंत्राच्याच धाटणीचे असल्याने त्यावर फुले रंगवलेली होती आणि नवी ओळ सुरू करण्यासाठी पायाने दाबायची फळी होती. फक्त मोठ्या लिपीतली अक्षरे उमटत. खप बेताचाच राहिला. १८७८ मध्ये दुसरे मॉडेल आले. त्यात शिफ्टची कळ आली, एका दांडीवर लहान आणि मोठे अशी दोन्ही रूपे बसली आणि मग यंत्राचा जम बसला.

तोवर शोल्स यांनी आपला हक्क सुमारे १२ हजार डॉलरला विकून टाकला होता. डेन्समोर यांनी प्रत्येक यंत्रामागे मानधन घेण्याचा मार्ग पत्करला आणि त्यांना त्यातून सुमारे १५ लाख डॉलर मिळाले, असे सांगितले जाते. शोल्स यांना मात्र दुसऱ्या एका गोष्टीचे समाधान होते. टंकयंत्रामुळे कचेऱ्यांची दारे स्त्रियांसाठी उघडली. त्यांची मुलगी लिलियन हिचे टंकयंत्रावर बसलेले १८७२ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

मराठीपर्यंत ही रचना कशी पोहोचली?

इंग्रजी यंत्राच्याच सांगाड्यावर विसाव्या शतकात देवनागरी टंकयंत्रे तयार झाली. चाळीस-पंचेचाळीस कळांवर अर्धी-पूर्ण अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या बसवाव्या लागल्या. काही मात्रांच्या कळा दाबल्यावर कागद पुढे सरकत नसे, म्हणजे मात्रा त्याच अक्षरावर बसे. १९५५ मध्ये मुंबईच्या गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले. पुढची काही दशके तहसील कचेरी आणि न्यायालयाच्या आवारात त्यांचा खडखडाट ऐकू येत राहिला. गोदरेजने २००९ मध्ये टंकयंत्रांचे उत्पादन थांबवले. महाराष्ट्रातल्या शासकीय टंकलेखन परीक्षाही आता संगणकावर होतात.

मराठीसाठी आज जुनी रेमिंग्टन पद्धतीची रचना आणि सरकारमान्य 'इनस्क्रिप्ट' अशा दोन्ही रचना वापरात आहेत. चिन्हे बदलली तरी खालचा कीबोर्ड शोल्स यांचाच. त्यामुळे एक बटण अडले की मराठीत नुकसान जास्त होते. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'डी'च्या बटणावर हलन्त म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह आहे. ते मधूनच उमटले नाही तर 'प्रमाणपत्र'चे 'परमाणपतर' होते. 'ई'च्या बटणावर काना आहे. तो गेला की 'काम'चे 'कम' होते.

लॅपटॉपमध्ये आज काय बिघडते?

आता दांड्या नाहीत, पण दोन भाग क्षणभर एकत्र येऊन वेगळे होणे हे मूळ काम तेच आहे. लॅपटॉपच्या बटणाखाली कात्रीसारखी प्लास्टिकची जोडी असते, तिच्या आत रबराची छोटी वाटी आणि तिच्याखाली वीजवाहक रेघा छापलेले पातळ प्लास्टिकचे पडदे. बटण दाबले की वरचा पडदा खालच्याला टेकतो, वीज वाहते आणि कीबोर्डमधली चिप ते अक्षर ओळखते. बटणे शंभराच्या आसपास असली तरी प्रत्येकाला वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीत ती गुंफलेली असतात.

बिघाडाची कारणेही यावरूनच कळतात. बटणाखाली धूळ बसली की पडदे कधी टेकतात, कधी नाही. गोंदियासारख्या राईस मिलच्या गावात हवेत कोंड्याची बारीक भुकटी असते. पावसाळ्यात ती दमट होऊन चिकटते. सांडलेला चहा वाळला तरी साखर उरते आणि रेघा हळूहळू गंजतात. एकच बटण अडत असेल तर दोष बहुधा त्याच्याखाली असतो. एकमेकांशी संबंध नसलेली चार-पाच बटणे एकदम दगा देत असतील तर जाळीतली एखादी रेघ तुटलेली किंवा कीबोर्डची चपटी केबल सैल झालेली असू शकते. लॅपटॉप तापल्यावरच त्रास होत असेल तर सैल जोडाची शक्यता वाढते. टचपॅड किंवा कीबोर्डचा मधला भाग फुगून वर आला असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जिंग थांबवून लॅपटॉप लगेच दुरुस्तीला द्यावा.

दुरुस्तीला सुरुवात कुठून करावी?

क्लेफन यांच्यासारखी यादी करण्यापासून. कोणते बटण, किती वाजता, किती वेळ काम केल्यावर आणि कोणत्या प्रोग्राममध्ये अडले, हे दोन दिवस लिहून ठेवावे. दुकानदारापुढे नेल्यावर बटण हटकून नीट चालते, तेव्हा हीच यादी कामी येते.

त्यानंतर दोष यंत्राचा की सेटिंगचा, हे तपासावे. विंडोजमध्ये उजवे शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवले तर 'फिल्टर कीज' सुरू होऊ शकते. मग झटपट दाबलेली बटणे संगणक मोजतच नाही. उजवी करंगळी शिफ्टवर टेकवून बसणाऱ्या नवशिक्यांकडून हे नकळत होते. सेटिंगमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी' विभागात जाऊन ते बंद करता येते. भाषेची रचना चुकून बदलली आहे का, हेही पाहावे. कंट्रोल, विंडोज आणि 'ओ' एकत्र दाबले की पडद्यावर कीबोर्ड येतो. खालचे बटण दाबल्यावर पडद्यावरचे तेच बटण उजळते का, हे प्रत्येक वेळी पाहावे. शेवटी यूएसबीचा वेगळा कीबोर्ड जोडावा. तो दिवसभर बिनचूक चालला तर दोष लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये आहे, हे जवळपास नक्की.

सफाईसाठी लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, तिरका धरून हळू झटकावा आणि मऊ ब्रशने किंवा हवेच्या फवाऱ्याने फटी साफ कराव्यात. चिकटपणा असेल तर कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कडा पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्यावे. बटणाची टोपी पिनेने उचकटू नये. खालचे प्लास्टिकचे आकडे नाजूक असतात आणि एका बटणाचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. एवढे करूनही फरक पडला नाही तर बहुतेक लॅपटॉपमध्ये अख्खा कीबोर्डच बदलतात. परीक्षा किंवा हंगामाचे काम तोंडावर असेल तर तोवर यूएसबी कीबोर्ड वापरणे हा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग.

पाणी किंवा चहा सांडल्यास लॅपटॉप तत्काळ बंद करावा, चार्जर काढावा, उलटा करून निथळू द्यावा आणि सुरू न करता दुकानात न्यावा. ओले उपकरण तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय तांदळाच्या जिल्ह्यात हमखास सुचतो. पण तांदूळ आतली ओल ओढून घेत नाही. उलट त्याची भुकटी आणि कण फटींत जातात.

शोल्स स्वतः समाधानी झाले का?

आयुष्याची शेवटची सुमारे नऊ वर्षे शोल्स यांना क्षयाने घेरले होते. तरीही ते यंत्रात सुधारणा करत राहिले, कित्येकदा अंथरुणावरूनच. जगभर पसरू लागलेली स्वतःची रचनाही त्यांनी अखेरची मानली नाही. १८८९ मध्ये त्यांनी नव्या यंत्रासाठी अर्ज केला, त्यात अक्षरांचा क्रम 'क्वर्टी'पेक्षा वेगळा होता. १७ फेब्रुवारी १८९० रोजी मिलवॉकी येथे वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या अर्जाला पेटंट मिळाले ते १८९६ मध्ये. तोवर हजारो टंकलेखकांच्या बोटांना जुनी रचना सरावली होती आणि नवा क्रम कोणी वापरला नाही.